दुसरं बोलावणं

आपल्या जानेफळात जेवायला दोनदा बोलावतात. तुम्हा मुलांना हे ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही येता ते आठ दिवसांसाठी, आणि घरच्या लेकरांना कुणी बोलावणं करत नाही, हाताला धरून ताटावर बसवतात. पण कुणाकडे कार्य असलं की सकाळी त्यांच्या घरचं एकजण दारात येऊन उभं राहतं आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगतं, "आज दुपारी आमच्याइथं जेवाले या." हे झालं आवतन. त्यावर लगेच कुणी निघत नाही. लोक आपापल्या कामाला लागतात. पण त्या दिवशी न्याहारी बेतानं होते, आणि गल्लीच्या टोकाला फोडणीचा वास सुटला की शेतातून आलेली माणसं हातपाय धुऊन ओसरीत बसून राहतात. पंगत मांडून झाली की तोच माणूस पुन्हा येतो. "चाला, ताटं झाली." हे दुसरं बोलावणं. ते आल्याशिवाय पायात चपला सरकवायच्या नसतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी नागपूरला इंग्रजी शाळेत आणि पुढे कॉलेजात शिकलेली. मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ होतं आणि त्या घड्याळावर माझा फार विश्वास होता. पहिल्याच महिन्यात शेजारून आवतन आलं, बारा वाजता या म्हणून. मी बाराच्या ठोक्याला, निऱ्या नीट करून, एकटीच त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. चुली नुकत्या पेटल्या होत्या. परातीत वांगी अख्खीच पडली होती. एक बाई हसून म्हणाली, "नवरीले सासरी उपाशी ठेवून राह्यले वाटते." मला तिथून पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात मागून माझी मोठी जाऊ आली, डोक्यावरचा पदर सावरत. तिनं माझा हात धरून मला परातीपाशी बसवलं, स्वतः विळीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही दोघी हातभार लावाले आलो वं. जेवाले बोलावसान तवा जेवू."

घरी परतताना तिनं मला समजावलं. "सकायचं आवतन म्हंजे नुसतं सांगून ठेवनं असते. पोटानं तयारीत राहावं म्हनून. उठाचं तं बोलावनं आल्यावर."

हे तिचं बोलणं मी ऐकलं आणि विसरून गेले. डब्याच्या तळाशी एखादा हरभरा वर्षानुवर्षं पडून राहावा तसं ते माझ्या आत कुठेतरी पडून राहिलं. त्याला मोड आले ते गेल्या वर्षी.

आता या घरात आम्ही दोघीच आहोत. दोघींचेही नवरे गेले. तिचा मुलगा मेहकरला असतो, शेत पाहायला सकाळी येतो आणि उन्हं चढायच्या आत जातो. मी तिला बाई म्हणते, अजूनही अहो-जाहो करते. तुमच्यातल्या थोरलीला बाळपणी तिनंच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. हरभऱ्याच्या पिठानं चोळून पोरीचं कपाळ रुंद होईल असा बाईंचा दावा होता. थोरली परदेशात आतड्याच्या पेशींवर अभ्यास करते हे कळल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "आतड्यात काय पाह्यचं असते? जे खाल्लं तेच."

गेल्या वर्षी बाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरत आले. त्या मला पावलांवरून ओळखायच्या, तुरीच्या शेंगा हाताच्या अंदाजानं सोलायच्या. कुणाकडे तक्रार केली नाही. फक्त रविवारी थोरलीचा फोन यायचा, मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायची, आणि बाई पडद्याच्या अगदी जवळ नाक नेऊन बसायच्या.

"दिसते का, मोठी आजी?"

"हाव, उजेड हालून राह्यला," त्या म्हणायच्या. "तोंड कोनतं अन् भित कोनती समजत नाही."

एका रविवारी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "मरायच्या आंधी एक डाव तिचं तोंड पाह्यचं हाये मले. कपाय रुंद झालं का नाही ते." एवढंच त्यांना हवं होतं. दुसऱ्याच दिवशी पुतण्याला बोलावून आम्ही बुलडाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं आणि कागद बाजूला सरकवला. साखर फार होती. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही. "अशात मी डोळ्याला हात लावणार नाही," ते म्हणाले. "जखम चिघळायची भीती असते. साखर खाली आणा आणि महिन्याभरानं या. पण फार लांबवू नका, साखरेनं डोळ्याचा आतला पडदाही खराब व्हायला नको." परतताना बाई गाडीच्या काचेला डोकं टेकून बसल्या होत्या. बाहेर सोयाबीन पिवळं पडलं होतं. त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं, तरी त्या बाहेरच पाहत होत्या.

मग मी कामाला लागले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एक वही केली, पट्टीनं रकाने आखले. सकाळची साखर, संध्याकाळची साखर, गोळी, जेवण. कप्प्याचं स्टीलचं ताट आणलं. एकात भाजी, एकात वरण, एकात अर्धी भाकर, एकात काकडी. बाईंना दिसत नाही, ऊठबस नको, म्हणून ते ताट मी बरोबर बारा वाजता त्यांच्या खोलीत नेऊन स्टुलावर ठेवायची, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवायची आणि माझं ताट घेऊन माझ्या टेबलाशी बसायची. घड्याळ, वही, ताट. सगळं जागच्या जागी. मला समाधान वाटायचं.

पण आकडे समाधानी नव्हते. आठवडाभर जरा उतरायचे, आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी चढलेले असायचे. त्या दिवशी बाई दुपारी चौकातल्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीकडे बसायला जात. मला वाटलं तिथे चहा, पेढा, काहीतरी होत असेल. विचारलं तर म्हणाल्या, "तुह्या शप्पत, पान्याशिवाय काही घेतलं नाही." बाई खोटी शपथ घेत नाहीत. ताटात तर दिवसेंदिवस अन्न उरत होतं. मी मोजलेल्या अर्ध्या भाकरीतलीही अर्धी. खाणं कमी आणि साखर जास्त, हे गणित मला सुटेना.

एका बाजाराच्या संध्याकाळी मी रक्त घ्यायला त्यांचं बोट धरलं, तेव्हा हाताच्या पाठीवर चिकटपट्टीचा एक चौकोन दिसला. त्याखाली निळसर डाग.

"हे काय, बाई?"

त्यांनी हात ओढून घेतला नाही. "बाटली घेतली."

तुम्हाला 'बाटली' म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे अंगात कसर वाटली, चक्कर आली, पेरणीनं किंवा लग्नघाईनं थकायला झालं की लोक दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतात. डॉक्टर नको म्हणाले तरी मागून घेतात. थेंब थेंब पडताना पाहिलं की माणसाला ताकद आल्यासारखी वाटते. बाईंनी गावातल्या डॉक्टरकडे जाऊन ग्लुकोजची बाटली मागितली होती. एकदा नाही, दर बाजाराला.

"तुम्ही त्यांना साखरेचं सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं देल्ली असती का त्यानं?"

"अहो बाई, ती साखरच असते. पाण्यात विरघळलेली."

"म्या काय अडानी हाये का? ठाव हाये मले गोड असते ते." त्या उठून बसल्या. "पन ते तोंडानं नाही जात ना. खाल्लं का साखर वाढते, असं तूच सांगते. म्हनून म्या खानं कमी केलं. अन् ऑपरेशनले ताकत तं पाह्यजे, म्हनून शिरेतून घेतली. पोटाले समजलंच नाही तं वाढन कशी?"

त्यांच्या बोलण्यात इतका नीट विचार होता की कुठून खोडावं ते कळेना. मला वाटत होतं की हे चूक आहे, पण चूक कुठे आहे ते दाखवता येत नव्हतं. इतकं इंग्रजी शिकून मला एवढंच म्हणता आलं, "रविवारी थोरलीला विचारू."

त्या रविवारी थोरलीकडे सकाळ होती, आपल्याकडे दिवेलागण व्हायची होती. मी सगळं सांगितलं. बरणीशी टेकलेल्या फोनात ती आधी खळखळून हसली, मग तिचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. बाईंना त्यातलं काही दिसलं नाही, त्यांनी फक्त हसू ऐकलं.

"मोठी आजी, तू म्हणतेस ना, पोटाला समजलंच नाही तर साखर वाढणार कशी? अगं, पोटाला समजलं नाही म्हणूनच ती वाढते."

"सांग आता," बाई म्हणाल्या.

"आपण जेवतो ना, तेव्हा आतड्याला आधी कळतं. आतड्याच्या अस्तरात काही पेशी असतात. त्यांचं एक टोक आतड्यातल्या वाटेवर डोकावत असतं. अन्न तिथून पुढे सरकलं की त्यांना ते कळतं, आणि त्या रक्तात एक हार्मोन सोडतात. ते स्वादुपिंडाकडे जातं आणि त्याला सांगतं, साखर येते आहे, इन्सुलिन काढ."

"हे पिंड कुठी असते?"

"जठराच्या मागे. आडवं. त्यात इन्सुलिन काढणाऱ्या पेशींची लहान लहान बेटं असतात."

"मंग शेजारीच हाये. शेजाऱ्याले सांगाले रगतातून कायले जाचं? भितीवरून सांगाचं."

"थोडं भिंतीवरूनही सांगतात, नसांमधून. पण हे हार्मोन मात्र गावाला फेरी मारून येतं. आधी यकृतात, मग हृदयात, आणि मग स्वादुपिंडाच्या दारात. आणि फार टिकत नाही गं ते. निघाल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत विरायलाच लागतं. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून मोकळं."

बाई बरणीच्या झाकणावर बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं कंटाळल्या. मग त्या सावकाश म्हणाल्या, "म्हंजे बोलावनं हाये ते."

"काय?"

"अवं, दुसरं बोलावनं. चाला, ताटं झाली. सांगनारा सांगते अन् चालला जाते."

पन्नास वर्षांपूर्वीची ती वांग्यांची परात माझ्या डोळ्यांपुढे आली.

"अगदी तसंच," थोरली म्हणाली. "आता ऐक. एखाद्याला साखरेचं पाणी प्यायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शिरेतून साखर दिली, रक्तात तेवढीच चढेल अशा बेतानं. तर शिरेतून दिल्यावर स्वादुपिंड बरंच कमी इन्सुलिन सोडतं. रक्तातली साखर तीच, पण बोलावणं गेलं नाही ना. शिवाय स्वादुपिंडात आणखी एक हार्मोन असतं, ग्लुकागॉन. आपण उपाशी असलो की ते यकृताला म्हणतं, साठवलेली साखर बाहेर काढ."

"पेव उघडाले लावते," बाई म्हणाल्या. पेव म्हणजे जमिनीखाली धान्य साठवायचा खड्डा, पूर्वी आपल्याकडेही होता.

"हो. आतड्याच्या निरोपांतला एक निरोप त्यालाही गप्प करतो. जेवण दारात आलंय, पेव कशाला उघडतोस? बाटलीच्या वेळी हे सांगणारं कुणी नसतं."

"बाटली मागच्या दारानं शिरली म्हनायची. ना आवतन, ना बोलावनं."

"पण एक खरं सांगते," थोरली म्हणाली, आणि तिचं हे मला फार आवडलं, की ती बाईंना गोड वाटेल तेवढंच सांगून थांबली नाही. "तुला साखरेचा आजार आहे. त्यात स्वादुपिंडाला हे बोलावणं नीट ऐकूच येत नाही. वरच्या आतड्यातून येणारं तर जवळजवळ नाहीच. खालच्या आतड्यातून येणारं अजून थोडं येतं. म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि ती बाटली तुला कशीही वाईटच, त्यात साखर आहे म्हणून."

"बहिरं झालं म्हन," बाई म्हणाल्या. "माह्या वयाचंच असन ते." मग त्यांनी विचारलं, "बहिऱ्याले बोलवाचं असलं तं काय करतेत, माय?"

"तूच सांग."

"जोऱ्यानं नाही ओरडत. जवळ जाऊन सांगतेत."

थोरलीनं सांगितलं की आधी भाजी, काकडी, वरण खायचं आणि भाकर शेवटी. त्यानं अन्न सावकाश उतरतं आणि खालच्या आतड्यातल्या पेशींना सांगायला वेळ मिळतो. मी ते वहीत लिहून घेतलं. फोन बंद झाला. मी बरणी जागेवर ठेवली आणि आठ वाजता ताट घेऊन येते असं बाईंना सांगून उठले.

"आन ठेवून जा," त्या म्हणाल्या.

स्वर साधाच होता. पण मी दारात थांबले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. शिरेतून जाते ते मागच्या दारानं, अन् तुहं ताट पुढच्या दारानं. पन बोलावनं तं मले तेही करत नाही, अन् तूही नाही." त्या पलंगाच्या कडेवर हात फिरवत होत्या. "डोये गेले तवापासून या घरात मले कोनी जेवाले बोलावलं नाही वं. ताट येते. स्टुलाचा आवाज येते. तू जाते. मंग म्या बसतो त्या ताटापाशी, जसं कोना मेलेल्याच्या दिवसाचं पान ठेवलं असंन."

स्वयंपाकघरात जाऊन ते कप्प्याचं ताट धुतलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं. मग बाहेर येऊन ओसरीत बसले. नीट चालवलेली माझी व्यवस्था मला आठवू लागली. बारा वाजता, रोज, अगदी बरोबर. त्या पहिल्या दिवशी शेजारच्या अंगणात मी अशीच बरोबर बारा वाजता पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी त्यांच्या दारात, उंबऱ्याबाहेर, उभी राहिले. "बाई, आज दुपारी आपल्याइथं जेवाले या. आंबटचुक्याची भाजी हाये." माझी वऱ्हाडी बोली ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "बरं," म्हणाल्या. "येतो मंग. कार्य कायचं हाये?"

"डोळ्याचं."

त्या दिवसापासून आमच्या दुपारी बदलल्या. त्या दुपारी कशा होत्या ते सांगणं मला अवघड जातं, कारण त्यांत काहीच घडत नसे. आवतनापासून बोलावण्यापर्यंतचा वेळ मोठा होत गेला. बाई अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसायच्या. मी आत लसूण ठेचला की बाहेरून विचारायच्या, "पातय भाजी का?" तेलात मोहरी तडतडली की त्यांचा चेहरा जरासा वर व्हायचा, वाऱ्याची झुळूक आल्यावर झाडाचं पान वळतं तसा. लिंबाची सावली त्यांच्या पायांवरून हळूहळू खाली उतरायची. दूर कुणाच्या शेतात पंप चालू असायचा आणि तो बंद झाला की एकदम सगळं गाव लांब गेल्यासारखं वाटायचं. मग मी पदराला हात पुसत बाहेर यायची, त्यांच्या अगदी जवळ जाऊन म्हणायची, "चला बाई. ताटं झाली." आणि त्या माझ्या खांद्याला धरून उठायच्या.

ताटात भाकर दिसली की त्यांचा हात आधी तिकडेच जाई. त्यांना ती दिसत नसली तरी कुठे आहे ते बरोबर कळे. मी म्हणे, "आधी भाजी." त्या म्हणत, "भाकरीले बसवून ठेवून भाजीचीच सरबराई. तुह्या नातीचं उलटंच लग्न हाये बाप्पा." पण ऐकत. मी माझं टेबल भिंतीकडे सरकवलं होतं. दोघी जमिनीवर पाट घेऊन बसायचो. उठताना एकमेकींना धरून उठायचो.

जेवणानंतर डोळा लागायचा. एका दुपारी मला स्वप्न पडलं. मी एका लांबच लांब गल्लीतून चालले होते. गल्ली वळत होती, पुन्हा वळत होती, भिंती मखमली, ओलसर, मंद लाल उजेडाच्या. दोन्ही बाजूंना दारं, आणि थोड्या थोड्या अंतरावरच्या दारांत पदर घेतलेल्या बायका उभ्या. गल्लीतून ताटं वाहत जात होती. बायका त्यांत बोट बुडवून चव घ्यायच्या, मग मागच्या दारानं कुणाला तरी हलकेच काही सांगायच्या. वरच्या आळीतल्या बायका भराभर सांगत होत्या, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. खालच्या आळीतल्या सावकाश सांगत. मी एका निरोपाच्या मागे निघाले. तो धुरासारखा होता, वाहता वाहता विरत होता. नदी लागली, पैनगंगेसारखी, पण कोमट. नदीत लहान लहान बेटं होती आणि बेटांवर म्हातारी माणसं, गुडघ्यांत मान घालून बसलेली. निरोप जवळजवळ संपला होता. मी धावत त्यातल्या एकाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, चला. त्यानं मान वर केली. तो चेहरा बाईंचा होता.

जाग आली तेव्हा अंगणात बाई कुणाशी तरी बोलत होत्या. बाजाराच्या दिवसाची त्यांची मैत्रीण बोलवायला आली होती. "नाही येत," बाई सांगत होत्या, "आज आमच्याइथं आवतन हाये."

आकडे उतरले. एकदम नाही, दोन पायऱ्या खाली, एक वर. काय कशामुळे ते मी सांगू शकत नाही. गोळ्या होत्याच, बाटली बंद झाली होती, भाकर शेवटी जात होती आणि ताटात काही उरत नव्हतं. थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, एकाच गोष्टीला श्रेय देऊ नकोस. पेशंट एकच आहे आणि तू चार गोष्टी एकदम बदलल्यास." शास्त्र शिकलेल्या माणसानं असंच म्हणावं. मी वहीत चारही गोष्टी लिहून ठेवल्या आणि रकाना मोकळा सोडला.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी वही उलटून पाहिली, रक्त पुन्हा तपासलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. त्या दिवशी बाईंना लवकर भरती केलं. हिरवा झगा घातलेल्या बाई कुणीतरी वेगळ्याच दिसत होत्या. एक सिस्टर ट्रे घेऊन आली, हातात सुई पाहून बाईंनी हात झग्याखाली घेतला.

"बाटली असंन तं नको, माय."

"बाटली नाही, आजी. नुसती सुई लावून ठेवतो."

"लाव मंग. पन गोड काही सोडू नको त्यातून. माह्या पोटाले त्याचं बोलावनं नाही."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर बोलताहेत त्या." ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं. मी बाहेर बाकावर बसून होते आणि मला सारखं वाटत होतं की आत कुणीतरी त्यांना नावानं नाही, नात्यानं हाक मारायला हवी.

डोळा चांगला उघडला. रविवारी फोन आला तेव्हा बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, बरणीला टेकवू दिला नाही. हातभर लांब धरला, मग जवळ आणला. थोरली पलीकडे चेहरा स्थिर धरून बसली होती. बाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं.

"कपाय रुंद झालं का, मोठी आजी?"

"झालं," बाई म्हणाल्या. "पन केसं काऊन एवढे कापले वं?" मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि त्या अंगणात जाऊन लिंबाखाली उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या.

याला आता काही महिने झाले. दुसऱ्या डोळ्याची तारीख यायची आहे. परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. सकाळपासून मी तुमच्यासाठी हेच लिहीत बसले होते. घड्याळाकडे लक्ष नव्हतं, स्वयंपाकाकडे तर नव्हतंच. भाजी चिरून ठेवलेली आहे एवढंच आठवत होतं. मधेच कुठूनतरी लसणाचा वास आला, मला वाटलं शेजारचा असेल. मग दारात सावली पडली. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

"चाल वं. ताटं झाली."

मी पेन खाली ठेवलं. त्या आम्हा दोघींचा स्वयंपाक करून आल्या होत्या, वर्षभरानंतर. माझ्या तोंडून निघून गेलं, "सकाळी आवतन नाही दिलंत, बाई."

"ते तुले नवरी होती तवाच वांगे चिरता चिरता देल्लं होतं," त्या म्हणाल्या. "आता ऊठ. भाकर निवून राह्यली, अन् तू तं आधी भाजीच खाऊ घालशीन."

माझ्या ध्यानात आलं की माझ्या नवऱ्यानंतर मलाही कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. मी बाराला बसायची आणि साडेबाराला उठायची, भूक लागली होती की नाही हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आता ओसरीतून स्वयंपाकघरापर्यंतच्या दहा पावलांत तोंडाला पाणी सुटलं, आणि पोटात, बरगड्यांच्या खाली आडवं, काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं. ते खरं होतं की थोरलीचं ऐकून मी कल्पना करत होते, कोण जाणे. बाई पुढे चालल्या होत्या, भिंतीला हात न लावता. भाजीत मीठ जरा जास्त होतं. मी दोनदा वाढून घेतली.